कोल्हापूरच्या सोयऱ्यांना वर्ध्यात काय खाऊ घालावे?

वाचकाचे पत्र, थोडक्यात : वर्धा जिल्ह्यातील देवळी तालुक्याच्या एका खेड्यातून एका ताईंनी हे पत्र पाठवले आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. त्यांची लेक पुण्याला नोकरी करते आणि तिने तिथेच ओळख झालेल्या कोल्हापूरच्या एका मुलाशी लग्न करण्याचे ठरवले आहे. साक्षगंधापूर्वी मुलाकडची सहा माणसे फेब्रुवारीच्या अखेरीस दोन दिवसांसाठी घर पाहायला येणार आहेत. घर लहान असल्यामुळे आणि ताईंचे गुडघे दुखत असल्यामुळे मुक्कामाची सोय वर्ध्याच्या लॉजवर केली असून जेवणेही शहरातच उरकावीत, असा त्यांचा विचार आहे. त्यांच्या भासऱ्यांना, म्हणजे थोरल्या दिरांना, तो मान्य नाही. सोयऱ्यांना हॉटेलात जेवू घालणे म्हणजे घराची अब्रू घालवणे, असे ते म्हणतात. ताईंच्या मुलाचे म्हणणे असे की वर्ध्यात काहीच मिळत नाही, तेव्हा गाडी करून सर्वांना नागपूरच्या मोठ्या हॉटेलात न्यावे. होणारी विहीण माळकरी आहे आणि बाकीचे मटण खाणारे आहेत. त्यात पुतण्याने असे सुचवले आहे की व्याह्यांना संध्याकाळी 'बसण्याची' सवय असल्याचे त्याच्या कानावर आले आहे आणि त्याची 'व्यवस्था' तो करील. ताई विचारतात, "तांबडा-पांढरा खाणारी ही माणसे. त्यांच्यापुढे आपल्याकडचे काय ठेवावे, म्हणजे आमचे हसू होणार नाही?"

ताई,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्या वाचनात मला त्यात चार प्रश्न दिसले: नागपूरला न्यावे का, घरीच जेवू घालावे का, माळकरी विहिणीचे काय करावे आणि संध्याकाळच्या त्या 'व्यवस्थे'चे काय करावे. दुसऱ्यांदा वाचताना मात्र लक्षात आले की तुमच्या मूळ पत्रात 'हसू' हा शब्द तीन ठिकाणी आला आहे आणि 'भूक' हा शब्द एकदाही आलेला नाही. पाहुण्यांना काय शोभेल याविषयी तुमच्या घरात भासऱ्यांपासून पुतण्यापर्यंत प्रत्येकाने आपले मत दिले आहे. परंतु ते काय खातात, किती वाजता जेवतात, कोणाला साखरेचा आजार आहे, कोणाला तिखट सोसत नाही, हे तुमच्या लेकीला एक फोन करून अजून कोणी विचारलेले दिसत नाही. सर्वांत आधी तेवढे विचारून घ्या. त्या फोननंतर माझ्या पुढच्या सल्ल्यातले काही बदलावे लागले, तर खुशाल बदला.

नागपूरचा विषय आधी निकालात काढू, कारण तो सोपा आहे. कोल्हापूरहून महाराष्ट्र एक्स्प्रेसने निघालेला माणूस मिरज, सातारा, पुणे, मनमाड, भुसावळ, अकोला करत वर्ध्याला उतरतो, तेव्हा त्याची एक अख्खी रात्र आणि दिवसाचा बराच भाग गाडीत गेलेला असतो. अशा माणसाला दुसऱ्या दिवशी पुन्हा पाऊणशे किलोमीटर गाडीत बसवायचे, जेवू घालायचे आणि जड पोटाने तेवढेच अंतर परत आणायचे, हे आदरातिथ्य त्याच्या पाठीला परवडणारे नाही. नागपूर खाण्यात कमी आहे असे माझे मुळीच म्हणणे नाही. पण तुमच्या चिरंजीवांच्या डोळ्यांपुढे जे नागपूर आहे, ते महाल-इतवारीतले नसून थंडगार काचेआडचे आहे, आणि तिथे मिळणारे पनीर आणि नान कोल्हापूर-पुणे रस्त्यावरच्या कोणत्याही ढाब्यावर मिळते. हा घोळ मी स्वतः घातलेला आहे. काही वर्षांपूर्वी पुण्याहून आलेल्या नातलगांना मी अशाच एका महागड्या ठिकाणी नेले होते. नाव सांगत नाही, कारण चूक त्यांची नव्हती. सर्वांनी पांढऱ्या रुमालाने हात पुसत 'छान होते' म्हटले. परतताना चहासाठी गाडी एका टपरीपाशी थांबली, शेजारच्या हातगाडीवर मुंगवडे तळले जात होते, आणि त्याच मंडळींनी उभ्याउभ्या दोन-दोन प्लेट खाल्ल्या. पुढे अनेक वर्षे त्यांच्या बोलण्यात त्या मुंगवड्यांची आणि सोबतच्या तळलेल्या मिरच्यांची आठवण निघत राहिली. हॉटेलची कधीच निघाली नाही.

'वर्ध्यात खायला काय आहे?' हे वाक्य मी बाहेरच्यांपेक्षा वर्धेकरांच्याच तोंडून अधिक ऐकले आहे. मला त्याचे नेहमी नवल वाटते, कारण खाण्याचा इतका गंभीर विचार ज्या गावात झाला असे दुसरे गाव मला सहज आठवत नाही. १९३४ च्या अखेरीस गांधीजींनी अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ काढला, तो वर्ध्यात. मगनवाडीत जे. सी. कुमारप्पांच्या देखरेखीखाली हातसडीचा तांदूळ, घाणीचे तेल, जात्यावरचे पीठ, गूळ यांचे काम चालले. १९३६ साली गांधीजी शेजारच्या सेगावात राहायला गेले आणि त्या सेगावाचेच पुढे सेवाग्राम झाले. १९४१ मध्ये जमनालाल बजाजांनी गोसेवेचे काम अंगावर घेतले, आणि आज आपण ज्याचा डबा हातात घेऊन पाहुण्यांच्या घरी जातो तो गाईच्या तुपातला, बिस्किटासारखा गोरसपाक त्याच विचाराच्या कुळातला आहे. या थोर मंडळींनी चवीचा विचार जरा कमीच केला, हे मान्य करायला हवे. आश्रमाच्या पंक्तीला तिखट-मसाल्याचे वावडे होते. पण त्याच शहरात रेल्वेचे जंक्शन आहे, कापसाचा बाजार आहे, कॉलेजची पोरे आहेत आणि त्या सर्वांना सकाळी सात वाजता तर्री, म्हणजे तिखट लाल रस्सा, लागते. वर्ध्याला अशी दोन पोटे आहेत, एक आश्रमाचे आणि एक तर्रीचे. तुमच्याकडे येणाऱ्या मंडळींतही एक माळकरी विहीण आहे आणि पाच रस्सा ओरपणारे आहेत. इतका जुळलेला योग पत्रिकेतही क्वचितच येतो.

आता कोल्हापूरची भीती. खाण्याचा अभिमान असलेल्या गावची माणसे दुसऱ्याच्या ताटाकडे हसून पाहतील, असे तुम्ही गृहीत धरले आहे. माझा अनुभव उलटा आहे. ज्याला आपल्या रश्श्याचा अभिमान असतो, त्याला दुसऱ्याच्या रश्श्यात काय घातले आहे याचे कुतूहल असते. चवीशी देणे-घेणे नसलेला माणूसच सगळीकडे पनीर मागतो. मात्र एक पथ्य पाळावे लागेल. 'तुमच्या मिसळीपेक्षा आमचा पोहा भारी' असे वाक्य घरातल्या कोणाच्याही, विशेषतः पुतण्याच्या, तोंडून निघता कामा नये. तुलना त्यांना करू द्यावी. ती ते करतीलच, आणि त्यातूनच दोन्ही घरांना बोलायला विषय मिळेल, जो पहिल्या भेटीत सापडणे फार कठीण असते.

म्हणून पहिली सकाळ तर्री पोह्याची असावी. पोहे पिवळे, मऊ आणि साधेच असावेत. त्यांवर हरभऱ्याचा लालभडक पातळ रस्सा, वर कच्चा कांदा, सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि लिंबाची फोड. कोल्हापूरच्या मिसळीत मटकीची उसळ, फरसाण आणि कट यांचा थाट असतो आणि सोबत पाव असतो. आपल्याकडे हरभरा पोह्याला भिजवतो आणि पावाची गरजच उरत नाही. यासाठी कोणत्या गाडीवर जावे हे मी इथे लिहीत नाही, आणि ते टाळण्यासाठी नव्हे. बजाज चौकापासून आर्वी नाक्यापर्यंत प्रत्येकाची गाडी ठरलेली असते आणि या बाबतीत दुसऱ्याचे ऐकून गेलेला माणूस सहसा पस्तावतो. माझी कसोटी साधी आहे: मागच्या वर्षभरात, सोबत पाहुणे नसताना, स्वतःच्या पैशांनी तुमच्या यजमानांनी जिथे दोनदा तरी खाल्ले असेल, तिथेच न्यावे. ते दर आठवड्याला कापूस, तूर नाहीतर बँकेच्या कामासाठी वर्ध्याला जात असतील आणि कुठेतरी थांबून खात असतील. घरी येऊन ते सांगत नसतील, एवढेच. त्यांना विचारा. तुमच्या मुलाने इंटरनेटवर शोधलेल्या दहा ठिकाणांपेक्षा ते एक ठिकाण अधिक भरवशाचे आहे, कारण तिथला मालक त्यांना ओळखतो आणि ओळखीच्या माणसाच्या सोयऱ्यांपुढे तो शिळा रस्सा ठेवणार नाही.

गाडीवर लवकर जावे. सातच्या सुमाराला तेल ताजे असते, गर्दी बेताची असते आणि वयस्कर माणसांना बाकावर जागा मिळते. दहानंतर तर्रीत पाणी वाढत जाते. पिण्याचे पाणी आपले न्यावे आणि ते न लाजता न्यावे. प्रवासाने शिणलेले पोट नव्या पाण्याला रुसते. त्यात गाडीवाल्याचा अपमान नाही. ज्यांना तिखट कमी हवे त्यांच्यासाठी 'तर्री कमी, चना जास्त' एवढे सांगितले की पुरते.

थोडे भाषेविषयी. जेवणात सांबारवडी केली तर ती कोथिंबिरीची आहे हे आधीच सांगून टाका, नाहीतर कोल्हापूरचा माणूस इडलीची वाट पाहत बसेल. आलूबोंडा म्हणजे त्यांचा बटाटेवडा, आणि तो आपल्याकडे कढीसोबत किंवा रश्श्यात बुडवूनही खातात, हे त्यांना पाहू द्या. फल्ली म्हणजे शेंगदाणे. अशा शब्दांवर होणारे हसू हे तुम्हाला वाटणाऱ्या भीतीतले हसू नव्हे. ते सोयरीक जमवणारे हसू आहे.

विहिणीकडे वळते. माळकरी व्यक्तीविषयी आपण सहसा 'शाकाहारी आहेत' एवढेच लक्षात ठेवतो आणि तिथेच चुकतो. काही माळकरी कांदा-लसूणही खात नाहीत, काहींना ते चालते. काही जण मटण शिजते त्या स्वयंपाकघरातले शाकाहारी अन्नही घेत नाहीत आणि तसे स्पष्ट सांगण्याचा संकोच करून नुसत्या ताकावर दिवस काढतात. तुमच्या लेकीने हे होणाऱ्या सासूबाईंनाच थेट विचारावे. असे विचारलेले कोणत्याही सासूला आवडते. दुसरे असे की त्या दोन दिवसांत एकादशी येते का, हे आजच पंचांगात पाहून ठेवा. येत असेल तर पुढची सगळी आखणी भगर, साबुदाणा, राजगिरा आणि फल्ली यांच्या आधाराने करावी लागेल, आणि ऐन वेळी कळण्यापेक्षा आज कळलेले बरे.

एकादशी नसेल तर पहिल्या दिवशी पोह्यानंतर सर्वांना सेवाग्रामला न्यावे. वर्ध्यापासून ते आठ किलोमीटरांवर आहे. बापूकुटीचा सारवलेला ओटा, झाडांची सावली आणि शांतता हे सर्व पाहून होईपर्यंत तर्रीची आग शमते. तिथल्या परिसरात साधे, सात्त्विक जेवण मिळते. सहा-आठ माणसे असतील तर आदल्या दिवशी फोन करून सांगावे आणि वेळ विचारून घ्यावी. ते जेवण रश्श्याची सवय असलेल्या माणसाला अळणी वाटेल, हे उघड आहे, आणि व्याह्यांना ते एक वेळ तसे वाटले तरी चालेल. विहिणीला मात्र त्या दुपारी असे वाटेल की या घराने आपला विचार केला, आणि तिला पुढे वर्षानुवर्षे तुमच्या लेकीच्या ताटात वाढायचे आहे. उन्हे कलली की पवनारला धाम नदीच्या काठी विनोबांच्या आश्रमात जावे. तिथे खाण्याचे काही नाही. दोन घरांच्या बायकांना नदीकाठी तासभर बसून बोलता यावे, म्हणून तिथे न्यायचे.

सावजीच्या जेवणाचा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण पुतण्याच्या आणि मुलाच्या मनात तो असणार. सावजी ही मूळची हलबा कोष्टी समाजाची, हातमागावर राबणाऱ्या माणसांची चव. कोल्हापूरच्या तांबड्या रश्श्यात कांदा-लसूण चटणी पुढे होऊन बोलते; सावजीच्या रश्श्यात खडा मसाला भाजून, वाटून, काळपट होईपर्यंत परतलेला असतो आणि वर तेलाचा बोटभर तवंग असतो. हे पाहुण्यांना दाखवण्यासारखे नक्कीच आहे. परंतु ते पहिल्या रात्री नको, सर्वांना नको आणि पैज म्हणून तर अजिबात नको. 'बघू कोल्हापूरवाले किती सोसतात' अशी गंमत करून पाहुण्यांना आजारी पाडलेली घरे मी पाहिली आहेत. दुसऱ्या रात्री व्याही, मुलगा आणि ज्यांना हौस असेल तेवढ्यांनी तुमच्या यजमानांसोबत जावे, मटण आधी सांगून ठेवावे, तर्री बाजूला काढून वाढायला लावावी आणि भाताला जागा ठेवावी. त्याच वेळी विहीण आणि इतर बायकांचे जेवण शुद्ध शाकाहारी भोजनालयात किंवा तुमच्या घरी व्हावे. सर्वांनी एकाच टेबलावर बसलेच पाहिजे हा आग्रह सोडला, तर निम्मी अडचण तिथेच सुटते. विहिणीसाठी सावजी भोजनालयातच 'पाटोडी रस्सा मागवू, तो शाकाहारीच असतो' असा मार्ग कोणी सुचवला, तर तो नाकारा. पातेले शेजारी आहे, पळी एकच असू शकते.

आता तुमच्या भासऱ्यांचा मुद्दा, आणि तो मी शेवटी ढकललेला नाही. मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सोयऱ्यांनी आपल्या घरचे अन्न खाल्ले पाहिजे, असे ते म्हणतात. त्यात तथ्य आहे. आपल्याकडे सोयरीक ताटावर पक्की होते, आणि दोन दिवस राहून गेलेल्या पाहुण्यांच्या पोटात तुमच्या चुलीवरचा एकही घास गेला नाही, तर ती उणीव तुम्हालाच पुढे टोचत राहील. पण 'घरचे अन्न' म्हणताना ते कोणाच्या गुडघ्यांवर शिजणार आहे, हा विचार त्यांनी केलेला नाही. चार वेळची जेवणे, सहा पाहुणे आणि घरची पाच-सहा माणसे, म्हणजे पन्नासच्या आसपास पाने तुम्ही दोन दिवसांत वाढायची, आणि त्यातच लेकीच्या सासूशी दोन शब्द बोलायचे. ते होणार नाही. तुम्ही स्वयंपाकघरात राहाल आणि लेकीचे घर ठरवणारे सगळे बोलणे ओसरीवर तुमच्याविना होऊन जाईल.

म्हणून माझे सांगणे असे की घरचे जेवण दोनदाच ठेवा. पाहुणे पोचतील त्या संध्याकाळचे अगदी हलके: नव्या तुरीच्या डाळीचे फोडणीचे वरण, भात, कढी, सांबारवडी आणि जवसाची चटणी. इतका प्रवास करून आलेल्या माणसाला त्या रात्री याहून अधिक काही नको असते, आणि तुम्हालाही ते झेपेल. वरणात वायगावची हळद पडली असेल तर तसे सांगायला विसरू नका. आपल्या जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्यातल्या या हळदीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि अशा गोष्टी पाहुण्यांना ताटावरच सांगायच्या असतात.

दुसरे जेवण दुसऱ्या दिवशी दुपारचे, आणि ते शेतावर, रोडग्यांचे. या जेवणाची जबाबदारी भासऱ्यांवर सोपवा. हे मी उपरोधाने लिहीत नाही. मारुतीच्या पारावर असो की वावरात, आपल्याकडे रोडगे लावायला पुरुष मंडळीच पुढे असतात; गोवऱ्यांचा हार कसा रचायचा, विस्तव केव्हा पसरायचा, रोडगा राखेतून केव्हा उलटायचा, हे बायकांना कळत नाही असे त्यांचे ठाम मत असते. ते त्यांना सिद्ध करू द्यावे. जाडसर दळलेल्या कणकेच्या पदरापदरात तेल लावून बांधलेला रोडगा निखाऱ्यावर भाजून, राख झटकून, चुरून, वर तूप घालून तुरीच्या वरणासोबत खायचा, आणि शेजारी लग्नाच्या पंगतीत असते तशी वांग्याची झणझणीत भाजी. कांदा-लसूण न घालता विहिणीसाठी वांग्याची वेगळी कढई करता येते. वावरात चुलीला तोटा नसतो. फेब्रुवारीअखेरची वांगी अजून चवीला असतात, हवा सकाळी गार असते, आणि बारा-साडेबारापर्यंत जेवणे उरकली तर उन्हाचाही त्रास होत नाही. कोल्हापूरच्या माणसांना ऊस आणि गुऱ्हाळ घरचे आहे. पऱ्हाटी वेचून झालेल्या रानात, पळसाच्या सावलीत बसून जेवण्याचा प्रसंग त्यांच्यावर पूर्वी आलेला नसावा. त्या दिवसांत पळस फुललेला असेल, हेही लक्षात आणून देते. तुम्ही तिथे खुर्ची टाकून बसायचे आणि फक्त वाढायचे. अब्रू घरच्या अन्नात आहे असे भासरे म्हणतात ना, मग ती सांभाळण्याचा मान त्यांचाच.

आता 'बसण्या'चा विषय. पुतण्याने हे 'कानावर आले' म्हटले आहे, म्हणजे व्याह्यांनी स्वतः काही मागितलेले नाही. होणाऱ्या सुनेच्या माहेरी पहिल्यांदा येणारा, माळकरी बायको सोबत असलेला माणूस दारूची अपेक्षा धरून येत असेल, असे मला तरी वाटत नाही. ही अपेक्षा पुतण्याचीच असण्याचा संभव अधिक. काहीही असले तरी उत्तर एकच आहे. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे. वर्धा नदी ओलांडली की यवतमाळ जिल्ह्यात ती नाही आणि देवळीकडून ती हद्द फार लांब नाही, हे पुतण्याला चांगले ठाऊक आहे, हेही मला ठाऊक आहे. पण तिकडून बाटली आणणे हा दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, वाहन जप्त होऊ शकते, आणि लेकीच्या साक्षगंधाच्या आधी घरातला पोरगा पोलीस ठाण्यात बसला तर जे हसू होईल ते खरे हसू. गावात चोरून मिळणाऱ्या दारूविषयी तर बोलायलाच नको. तिच्यात काय असते ते विकणाराही सांगू शकत नाही. व्याह्यांनी खरोखरच विचारले, तर तुमच्या यजमानांनी सरळ सांगावे, 'दादा, आमचा जिल्हा गांधीबाबाचा, इथे ते नाही.' हे वाक्य ऐकून आजवर कोणी सोयरीक मोडलेली मी ऐकलेली नाही.

त्याऐवजी पिण्याचे इतके आहे की दोन दिवस पुरणार नाहीत. उन्हाळ्याची चाहूल लागली की रसवंतीच्या घुंगरांचा आवाज सुरू होतो. आले-लिंबू घालून, बर्फाशिवाय घ्यावा. कोल्हापूरकर उसाच्या रसावर टीका करतील, आणि तेवढा अधिकार त्यांना आहे. पण संत्र्यावर त्यांना टीका करता येणार नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या कारंजा, आर्वी, आष्टीकडचा मृग बहार त्या सुमारास बाजारात असतो. डझनभर संत्री लॉजच्या खोलीत टोपलीत ठेवा, रस काढण्याच्या भानगडीत पडू नका. शेतावर मठ्ठा असावा, आणि चहा तर विचारायलाच नको. संध्याकाळी व्याही आणि तुमचे यजमान टपरीवर दोन वेळा हाफ चहा घेऊन आले, तर पुतण्याला अभिप्रेत असलेले 'बसणे' तेवढ्यात होऊन जाईल.

काही किरकोळ गोष्टी, ज्या किरकोळ वाटतात म्हणून राहून जातात. ज्या दोन-तीन ठिकाणी जायचे ठरवाल, तिथे आठवडाभर आधी त्याच वारी आणि त्याच वेळी एकदा जाऊन या. कोणत्या दिवशी बंद असते, बसायला पाठ टेकेल अशी खुर्ची आहे का आणि जवळ स्वच्छ शौचालय आहे का, हे तेव्हाच कळते. मेनूपेक्षा शौचालयाची चौकशी अधिक महत्त्वाची आहे, आणि ती पुरुषांवर सोपवू नये, कारण ते नेहमी 'आहे' असे सांगतात. बिलावरून ओढाताण होणारच. व्याही खिशात हात घालणार, तुमचे यजमान त्यांचा हात धरणार, आणि गल्ल्यावर सगळे पाहत राहणार. ते टाळायचे तर मालकाकडे आधीच काही रक्कम ठेवून द्यावी. मात्र एखादा चहा-नाश्ता व्याह्यांना खर्च करू द्यावा. सगळेच नाकारले, तर समोरच्यालाही अवघडल्यासारखे होते.

तुमच्यासारखी पत्रे मला इतर गावांहूनही येतात, म्हणून दोन ओळी त्या वाचकांसाठी. अमरावतीच्या माणसाने पाहुण्यांपुढे गिला वडा ठेवायला लाजू नये. शेगावच्या माणसाने कचोरी 'स्टेशनवरची वस्तू' म्हणून कमी लेखू नये, ती स्टेशनवरूनच मोठी झाली आहे. आणि चिखलदऱ्याला पाहुणे नेणाऱ्यांनी तिथे कॉफीचे मळे आहेत हे त्यांना जरूर दाखवावे, कारण महाराष्ट्रात ते अन्यत्र दिसत नाहीत. मोठे शहर जवळ असले की आपल्या गावचे खाणे आपल्यालाच दिसेनासे होते, ही अडचण सगळीकडे सारखी आहे, आणि ती बहुधा पाहुणे आल्यावरच दूर होते.

राहता राहिली परतीची शिदोरी. गाडीचा प्रवास पुन्हा तेवढाच लांब आहे, तेव्हा दशम्या, फल्लीची चटणी आणि थोडी संत्री द्यावीत. सहा माणसांचा एक मोठा डबा देण्यापेक्षा तीन लहान पुडकी करावीत, म्हणजे बर्थवर बसल्या बसल्या वाटून घेता येतात. विहिणीच्या हातात वायगाव हळदीचे पाकीट वेगळे द्यावे. हळद दिली की पुढचे तिला आपोआप कळेल. गोरसपाक मात्र दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, निघण्याच्या आदल्या रात्रीच घेऊन ठेवावा, कारण गाडीच्या घाईत तो हमखास राहतो, आणि तो पिशवीत सर्वांत वर ठेवावा. तुपामुळे तो इतका खुसखुशीत असतो की खाली ठेवला तर कोल्हापूरला पोचेपर्यंत त्याचा नुसता चुरा उरतो.